खिसे

मुहर्रकच्या मागच्या गल्लीत, बेकरीला लागून आमची लॉन्ड्री.
दोन मशिनं, एक वाफेची इस्त्री,
भिंतीला खिळा, खिळ्याला कागदी पाकीट.
खिशांतून निघालेलं सगळं त्या पाकिटात.

भिजवण्याआधी खिसे उलटे करायचे,
हे वडिलांनी शिकवलं, गावच्या पऱ्ह्यावर, गुडघाभर पाण्यात.
म्हणायचे, मळ तेवढा आपला,
बाकी सगळं लोकांचं.
एवढाच त्यांचा धर्म.
पोथी त्यांना वाचता येत नव्हती.

काय काय निघतं, सांगू?
थोबच्या खिशातून खजुराच्या बिया,
नर्सबाईंच्या एप्रनमधून चिंचेची गोळी,
आणि एकदा कुणा लेकराचा दुधाचा दात,
टिशूत जपून गुंडाळलेला.
मालक कुंजुमोन म्हणाला, फेक.
मी ठेवला.
तीन आठवड्यांनी एक पेशावरी ड्रायव्हर विचारत आला,
दात मुठीत घेऊन काउंटरशीच उभा राहिला,
बराच वेळ.

गेल्या वर्षी कंत्राटदार माळवदकरांच्या कोटात
एकशेऐंशी दिनार.
माझा दीड महिन्याचा पगार.
घरी पोरीची कॉलेजची फी थकलेली.
ती रात्र मी इस्त्री करून काढली,
एकच शर्ट,
पुन्हा पुन्हा.
सकाळी नोटा मोजून दिल्या.
ते म्हणाले, दोनशे होते.

वीस दिनार पगारातून गेले, चार हप्त्यांत.
त्या शुक्रवारी मनामाच्या देवळात
मी घंटा वाजवली नाही, हातही जोडले नाहीत.
कोपऱ्यात नुसता बसलो.
देवानं समजून घेतलं असेल.
नसेल, तर त्याचाही हिशेब कच्चा.

पण सांगायचं होतं ते एल्लय्याचं.
निजामाबादकडचा पोरगा, साइटवर सळ्या वाकवतो.
एकच युनिफॉर्म. गुरुवारी रात्री टाकतो,
शुक्रवारी लुंगीवर येऊन घेऊन जातो.
खिसे कायम रिकामे.
रिकामे खिसेसुद्धा मी उलटतो. सवय.

जूनमध्ये त्यांच्या कंपनीनं तिसऱ्यांदा पगार तटवला.
तो विचारत होता, नुसता शर्ट धुतला तर किती?
त्या दिवशी अर्ध्या दिनारची एक नोट
घडी घालून, इस्त्री फिरवून,
मी त्याच्या खिशात सरकवली.
म्हटलं, तुझीच निघाली रे, सांभाळ.
खिशांच्या बाबतीत बोललेलं पहिलं खोटं.
रात्री वडील आठवले.
काढून परत द्यायचं ते शिकवून गेले,
घालण्याबद्दल काहीच बोलले नव्हते.

पुढच्या गुरुवारी तो आला.
काउंटरवर नोट ठेवली. तीच, घडीसकट.
तुटक्या हिंदीत म्हणाला, माझी नाही.
माझी असती तर मला माहीत असती.
ज्याची आहे तो शोधत असेल, अण्णा.
गालफडं बसली होती त्याची,
आणि माझ्यावर थोडा चिडलाही होता,
एवढा जुना माणूस, आणि असा गलथानपणा!

काय सांगणार होतो मी त्याला?
नोट पाकिटात टाकली.
म्हटलं, भात जास्त झालाय, एकट्याला संपत नाही,
बस जरा.
हे मात्र खरं होतं.
गुरुवार म्हणून दोन मुठी मुद्दाम जास्त टाकल्या होत्या.
तो जेवला. मान वर न करता जेवला.
मग आपलं ताट घासलं,
आणि मी नको नको म्हणताना माझंही.

ऑगस्टात त्यांना सित्र्याच्या कॅम्पात हलवलं.
जाताना भेटला नाही. गाडी पहाटेची होती म्हणे.

नोट अजून खिळ्यालाच आहे.
एसीच्या वाऱ्यानं पाकीट हलतं
तेव्हा कुंजुमोन विचारतो,
कुणाची आहे ती? किती दिवस ठेवणार?
मी म्हणतो,
चौकशी चालू आहे.